तळ्यात पाणी दिसतंय, मग वीज कुठे गेली? (झांबिया, करिबा आणि आमचं भारनियमन)

लुसाकेची_मीरा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

२०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याकडे लुसाकात (झांबियाची राजधानी) दिवसाला तीन तास वीज असायची. तीन तास जायची असं नाही, तीन तास यायची. तीही बहुतेकदा रात्री दीड-दोनच्या सुमाराला. गजर लावून उठायचं, आधी बोअरचा पंप सुरू करायचा, मग वॉशिंग मशीन, इस्त्री, आठवड्याभराचं वाटण, फोन, लॅपटॉप. इन्व्हर्टर चार्ज होतोय की नाही ते मध्येमध्ये बघायचं. पहाटे तीनला अख्खी गल्ली जागी, नरकचतुर्दशीच्या अंघोळीला उठल्यासारखी. फक्त तेल-उटणं नाही.

स्वयंपाक गॅसवर. पण गॅस सगळ्यांना परवडत नाही, आणि इथल्या शहरात वीज असलेली बरीच घरं विजेच्या शेगडीवरच रांधतात. वीज गेली की म्बाउला बाहेर येतो. म्बाउला म्हणजे पत्र्याची, भोकं पाडलेली कोळशाची शेगडी. कोळशाला इथे मलाशा म्हणतात. न्शिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा) ढवळत बसलेल्या बायका आणि गल्लीभर धूर, हे रोजचं चित्र. शहराबाहेर रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती रचलेली दिसतात, त्यात किती झाडं गेली असतील याचा हिशेब करवत नाही. चिगायोवर, म्हणजे मका दळायच्या गिरणीवर, वीज येईल तेव्हा रांग.

कारण सगळ्यांना माहीत होतं: दुष्काळ. एल निनोमुळे पाऊस दगा देऊन गेला, शेतातला मका उभाच वाळला, आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्राध्यक्ष हिचिलेमांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. देशातली सुमारे ८५ टक्के वीज पाण्यावरची. इथवर ठीक.

पण त्याच सुमाराला सासूबाई आल्या होत्या. त्यांना घेऊन आम्ही सियावोंगाला गेलो, करिबा तलावाच्या काठी. लुसाकाहून साधारण २०० किमी. सासूबाई पाटण तालुक्यातल्या, कोयनेच्या पाण्यात त्यांच्या माहेरचं गाव गेलेलं. काठावर उभ्या राहिल्या, पलीकडचा किनारा शोधायला लागल्या. आणि म्हणाल्या, "मीरा, हे एवढं पाणी हाय की गं. मग लाइट कुठं जाते?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचत बसले. थोडं कळलंय, थोडं अर्धवट आहे. इथे पाटबंधाऱ्यातले, महानिर्मितीतले लोक आहेत म्हणून विचारते.

जे कळलं ते एवढं: करिबा धरण झांबेझी नदीवर, झांबिया आणि झिंबाब्वेच्या सीमेवर. १९५५ ते ५९ मध्ये बांधलं, १९६० मध्ये उद्घाटन. साठवणक्षमतेने जगातलं सर्वांत मोठं मानवनिर्मित जलाशय. दोन काठांवर दोन वीजगृहं, उत्तरेचं झांबियाचं १०८० मेगावॅट, दक्षिणेचं झिंबाब्वेचं १०५० मेगावॅट. पाणी दोघांचं निम्मं निम्मं. आणि २०२४ मध्ये दोन्ही जवळजवळ बंद.

टवाळ_बोका

पहिला प्रतिसाद माझा.
सासूबाईंचा प्रश्न आयआयटीच्या मुलाखतीत विचारायला हवा.

भूगोलवेडी

छान लिहिलंय, अजून लिहा. आफ्रिकेतल्या विजेवर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. एक शंका: "जवळजवळ बंद" म्हणजे टर्बाइन थांबवली की पाणीच पोचत नव्हतं?

निवृत्त_उपअभियंता

मीराताई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उत्तर एका आकड्यात आहे: ४७५.५०.

करिबाची वीजनिर्मितीसाठीची किमान पातळी समुद्रसपाटीपासून ४७५.५० मीटर. वरची पातळी ४८८.५० मीटर. म्हणजे वीज मिळते ती या मधल्या १३ मीटरच्या थरातून. पाणी आत घेणारी तोंडं त्या उंचीवर ठेवलेली आहेत. त्याखाली पातळी गेली तर पाण्याबरोबर हवा ओढली जाते आणि यंत्रांची वाट लागते, म्हणून त्याआधीच थांबायचं.

आता प्रमाण बघा. एकूण साठा साधारण १८० अब्ज घनमीटर. त्यातला वापरता येणारा ६४.८ अब्ज. उरलेले सगळे मृतसाठा. आपल्या भाषेत सांगायचं तर एकूण सुमारे ६३५० टीएमसी (अब्ज घनफूट). कोयना १०५ टीएमसी. म्हणजे साठ कोयना एका जागी. आणि त्यातल्या दोन तृतीयांशाला वीजगृह हात लावू शकत नाही.

म्हणून तलाव "रिकामा" झाला तरी काठावरून भरलेलाच दिसतो. उजनी मृतसाठ्यात गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, गाळ दिसतो, लोकांना कळतं. इथे तसं काही नाही. समुद्रासारखं पाणी, आणि मीटर शून्यावर.

वेळ मिळाला की विजेचा हिशेब टाकतो.

लुसाकेची_मीरा

अगदी हेच! काठावर थोडी पांढरी पट्टी दिसत होती दगडांवर, पाणी आधी कुठवर होतं त्याची. बाकी काही कळत नव्हतं. हिशेबाची वाट बघते.

रोखठोक

दुष्काळ, एल निनो, हवामानबदल ही सगळी सोयीची कारणं आहेत. जरा मागे बघा. २०१५-१६ मध्ये भारनियमन. २०१९ मध्ये पुन्हा. २०२२ च्या नोव्हेंबरात झांबेझी नदी प्राधिकरणाने (करिबाचं पाणी दोन देशांत वाटून देणारी संयुक्त संस्था) झिंबाब्वेला पत्र पाठवून सांगितलं की तुमचा वर्षाचा पाण्याचा कोटा संपला, निर्मिती थांबवा. त्या वर्षी एल निनो नव्हता. दहा वर्षांत चारदा ज्याचं खातं रिकामं होतं त्याचा दोष पगाराचा नसतो, खर्चाचा असतो.

आफ्रिकेबद्दल लिहिताना आपण नेहमी "बिचारे" सूर लावतो. जरा व्यवस्थापनाबद्दल बोला.

भूगोलवेडी

@रोखठोक, पगारही कमी झालाय हो. झांबेझीचं पाणी अंगोला आणि वायव्य झांबियाच्या डोंगराळ भागातून येतं, मग बारोत्से नावाच्या प्रचंड पूरमैदानात पसरतं आणि तिथून सावकाश खाली. पाऊस डिसेंबर ते मार्च, पण करिबाची पातळी सर्वांत वर असते जून-जुलैच्या सुमाराला. म्हणजे वर पाऊस पडून गेल्यावर खाली महिने जातात. पावसाळा फसला तर तलावाला पुढचं पूर्ण वर्ष दुसरी संधी नाही. आपल्याकडे सप्टेंबरात परतीचा पाऊस कधी कधी वाचवतो, तसं तिथे नाही.

निवृत्त_उपअभियंता

दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. हिशेब असा.

वीज = पाणी × उंची. करिबात पाणी पडतं ती उंची साधारण ९० मीटरच्या आसपास. त्या उंचीवरून एक युनिट वीज काढायला सुमारे साडेचार हजार लिटर पाणी लागतं. टँकरचा अर्धा.

कोयनेत उलट. धरण सह्याद्रीच्या माथ्यावर, वीजगृह कोकणात पोफळीला. पाणी पावणेपाचशे मीटर खाली पडतं. एका युनिटला हजार लिटरपेक्षा कमी. निसर्गाने दिलेला कडा आहे तो, आपली हुशारी फक्त बोगद्याची.

आता २०२४ मध्ये प्राधिकरणाने दोन्ही देशांना मिळून १६ अब्ज घनमीटर पाणी मंजूर केलं. प्रत्येकी ८ अब्ज. भागिले साडेचार घनमीटर, म्हणजे सुमारे १८० कोटी युनिट वर्षाला. वर्षाच्या ८७६० तासांनी भागा: सरासरी २०० मेगावॅट. यंत्रं किती? १०८० मेगावॅटची. म्हणजे पाच गाड्या दारात उभ्या आणि पेट्रोल एका गाडीपुरतं.

रोखठोक म्हणतात तो मुद्दा इथे येतो. झिंबाब्वेने २०१८ मध्ये मिळून ३०० मेगावॅटची दोन नवी यंत्रं बसवली, झांबियाने त्याआधी ३६० ची. यंत्रं वाढली, नदी तेवढीच. जास्तीची यंत्रं चुकीची नाहीत, संध्याकाळच्या वाढीव मागणीला ती उपयोगी पडतात. पण दिवसभर तीच दामटली तर कोटा डिसेंबरच्या आत संपणार. कोयनेलाही कोटा आहेच की. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी दिलेत, १ जून ते ३१ मे. एप्रिलमध्ये ते संपत आले की निर्मिती आवरती घ्यावी लागते. फरक एवढाच की महाराष्ट्राच्या मागे चंद्रपूर-कोराडी आहे. झांबियाच्या मागे फारसं काही नव्हतं.

टवाळ_बोका

"टँकरचा अर्धा". आमच्या सोसायटीला टँकर येतो तेव्हापासून मी त्याच्याकडे दोन युनिट म्हणून बघणार.

कॉपरबेल्टी

२००८ ते २०१४ किट्वेत होतो, तांब्याच्या पट्ट्यात. थोडी भर घालतो कारण खाणींचा विषय कोणी काढला नाही, आणि तो काढल्याशिवाय करिबा कळत नाही.

ते धरण गावात दिवे लागावेत म्हणून बांधलेलंच नाही. ते तांब्यासाठी बांधलं. त्या काळी उत्तर ऱ्होडेशिया (आजचा झांबिया), दक्षिण ऱ्होडेशिया (आजचा झिंबाब्वे) आणि न्यासालँड (आजचा मलावी) यांचं ब्रिटिशांनी केलेलं संघराज्य होतं. तांबं उत्तरेत, राजकीय वजन गोऱ्यांच्या दक्षिणेत. जागतिक बँकेने १९५६ मध्ये ८ कोटी डॉलर कर्ज दिलं, त्या वेळपर्यंतचं तिचं सर्वांत मोठं. आणि पहिलं वीजगृह बांधलं कुठे? दक्षिण काठावर.

१९६४ मध्ये झांबिया स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी पलीकडे इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनला झुगारून परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. म्हणजे झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष काउंडा यांच्या नव्या देशाचं पोट ज्या खाणींवर, त्यांची कळ शत्रूच्या हातात. म्हणून झांबियाने घाईघाईने कफुए घळईचं वीजगृह बांधलं आणि मग १९७६-७७ मध्ये करिबाचं उत्तर काठचं. आज कफुएवर वरचं ९९० आणि खालचं ७५० मेगावॅट आहे. पण कफुए ही झांबेझीचीच उपनदी, पाऊस तोच. दोन टोपल्या दिसतात, फळं एकाच झाडाची.

आजही देशातली निम्म्याच्या आसपास वीज खाणी खातात. विजेविना खाण नुसती थांबत नाही, बुडते. कोंकोलासारखी खाण पाण्याने इतकी भरलेली आहे की पंप बंद ठेवता येत नाहीत. वितळलेलं तांबं भट्टीत गोठलं तर भट्टी फोडून काढावी लागते. त्यामुळे तुटवड्यात आधी घरं अंधारात जातात आणि खाणी शेजारच्या देशांकडून महाग वीज घेऊन चालतात. हे मीराताईंना आवडणार नाही, पण देशाचा परकीय चलनाचा गल्ला तिथेच भरतो.

लुसाकेची_मीरा

आवडत नाहीच :) पण पटतं. पहाटे तीनला इस्त्री करताना मात्र पटत नाही.

सासूबाईंचा दुसरा प्रश्न सांगायचा राहिला. धरणाच्या भिंतीवरून चालताना (पासपोर्ट दाखवून जाता येतं, मध्यावर सीमा) त्यांनी विचारलं, "ह्यातली माणसं कुठं उठवली?" मला वाटतं आमच्यापैकी दुसऱ्या कोणाला हा प्रश्न सुचलाच नसता.

उत्तर असं. टोंगा लोक. सुमारे ५७,०००, दोन्ही काठांवरचे. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत वर्षाला दोन पिकं घेणारे. त्यांतल्या बऱ्याच जणांना नेलं ते कोरड्या माळावर. सप्टेंबर १९५८ मध्ये चिसोमो गावच्या लोकांनी हलायला नकार दिला, भाले घेऊन उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला, आठजण मेले. उरलेल्यांना ट्रकमध्ये घालून लुसितूला नेलं.

आम्ही परतताना लुसितूवरूनच आलो. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला एक म्हातारी टोमॅटो विकत होती. भाषेचा प्रश्नच नव्हता, दोघींनी खुणांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. टोमॅटो दोन किलो जास्त आले. डोक्यावरून उच्चदाबाच्या तारा जात होत्या. वर्षानुवर्षं या भागातल्या गावांवरून तारा गेल्या आणि गावांत वीज नव्हती, हे मी नंतर वाचलं. सासूबाईंना वाचावं लागलं नाही.

निवृत्त_उपअभियंता

मी नोकरीत असताना पुनर्वसनाच्या फायली हाताळल्यात. १९६० च्या आसपास उठलेल्या लोकांच्या नातवंडांचे अर्ज. यावर जास्त लिहीत नाही.

भूगोलवेडी

कोयना आणि करिबाचं आणखी एक नातं आहे, भूकंपाचं. करिबा भरत आलं आणि सप्टेंबर १९६३ मध्ये ६ च्या वरचा धक्का बसला. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा, तोही ६ च्या वरचा. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात का, या विषयावरच्या कुठल्याही पुस्तकात ही दोन नावं शेजारी शेजारी येतात.

(आजी सांगायची, पहाटे मांडणीवरची भांडी पडली तेव्हा त्यांना आधी मांजर वाटलं.)

टवाळ_बोका

धरणाच्या भिंतीत माणसं गाडलेली आहेत असं ऐकलंय, खरं का?

कॉपरबेल्टी

८६ कामगार मेले हे खरं. करिबा गावात इटालियन कामगारांनी बांधलेलं सांता बार्बाराचं चर्च आहे, तिथे त्यांची नावं आहेत. बांधकाम इटालियन कंपनीचं, आराखडा फ्रेंच अभियंता आंद्रे क्वान यांचा. भिंतीत गाडल्याची गोष्ट तिथेही प्रत्येक गाइड सांगतो, जशी आपल्याकडे प्रत्येक पुलाखाली नरबळी असतो.

टोंगा लोकांच्या मते कारण वेगळं: न्यामीन्यामी. माशाचं डोकं, सापाचं शरीर, नदीचा देव. त्याची आणि त्याच्या बायकोची धरणाने ताटातूट केली. १९५७ ला पूर, १९५८ ला त्याहून मोठा पूर, चालू बांधकाम वाहून गेलं. त्यानंतर इंजिनीअरसुद्धा गळ्यात न्यामीन्यामी घालायला लागले म्हणतात. माझ्याकडेही एक आहे, विमानतळावर घेतलेला.

निवृत्त_उपअभियंता

क्वान यांचं नाव निघालं म्हणून. करिबा पूर्ण होत असतानाच, २ डिसेंबर १९५९ ला, त्यांचंच फ्रान्समधलं मालपासे धरण फुटलं. चारशेवर माणसं गेली. काही महिन्यांत क्वानही गेले. मालपासेत दोष काँक्रीटचा नव्हता, डाव्या बाजूच्या खडकाचा होता. कमानी धरण आपला भार दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर टाकतं, डोंगर हलला की संपलं.

करिबाची भिंत १२८ मीटर उंच, आणि तिचा त्रास वेगळा. सहा दरवाज्यांतून पडणाऱ्या पाण्याने पायथ्याशी खडकात ऐंशी मीटरच्या आसपास खोल डोह खणला. तो हळूहळू धरणाच्या पायाकडे सरकायला लागला. म्हणून तिथे डोहाला नवा आकार द्यायचं काम हाती घेतलं, म्हणजे पाण्याचा मारा पायापासून दूर जाईल. युरोपीय संघ, जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक आणि स्वीडन यांचे पैसे, सुमारे २९ कोटी डॉलर. डोहातलं पाणी उपसून कोरड्या तळाशी उतरून सुरुंग लावायचे! मला तिशीत कोणी बोलावलं असतं तर बायकोला न विचारता गेलो असतो.

रोखठोक

विषयावर येऊ. उपाय काय? सौर, म्हणू नका लगेच.

कॉपरबेल्टी

सौरच म्हणतो. तिथे मे ते ऑक्टोबर आकाशात ढग दिसत नाही. २०१९ मध्ये लुसाकाच्या दक्षिणेला बांग्वेउलू आणि न्गोन्ये असे दोन प्रकल्प सुरू झाले, ५४ आणि ३४ मेगावॅट. बांग्वेउलूचा लिलावातला दर युनिटला ६.०२ अमेरिकन सेंट होता, त्या काळी गाजलेला. पण पुढची पाचेक वर्षं गाडी पुढे सरकली नाही. घरगुती वीज खर्चाच्या खाली विकायची सवय, वीज कंपनी कर्जात, मग नवा उत्पादक पैसे मिळतील या भरवशावर येणार कसा? आपल्याला हे नवीन नाही.

कोळसा म्हणाल तर करिबाच्याच वरच्या बाजूला मांबाला ३०० मेगावॅटचं केंद्र आहे, २०१६ पासून. मोठा हिस्सा हैदराबादच्या नवभारत समूहाचा. दुष्काळात तेच आधार होतं. आणि इतेझी-तेझीचं १२० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र टाटा पॉवर आणि तिथल्या सरकारी कंपनीच्या भागीदारीतलं, तेही २०१६ चं. मुंबईला भिवपुरी-खोपोलीतून वीज देणारे टाटा कफुएवर.

लुसाकेची_मीरा

२०२५ च्या जूनमध्ये चिसांबाला १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला, लुसाकाच्या उत्तरेला. पण आमच्या गल्लीतला बदल त्याआधीच झाला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ज्याला जमेल त्याने छपरावर पॅनेल टाकली. न्हाव्याने एक पॅनेल, एक बॅटरी, त्यावर एक दिवा, एक केस कापायचं यंत्र आणि मोठ्या आवाजात रेडिओ. फोन चार्जिंगचे पैसे वेगळे. कंपाउंडमधल्या (इथे वस्तीला कंपाउंड म्हणतात) वेल्डरला मात्र पॅनेलवर काही करता येत नाही, तो डिझेल जाळतो किंवा बसून राहतो.

@रोखठोक, दुपारी सूर्यावर चालून पाणी संध्याकाळसाठी राखता आलं तर तोच तलाव बॅटरीसारखा वापरता येईल, असं मला वाटतं. बरोबर का?

निवृत्त_उपअभियंता

बरोबर. दुपारी पाणी जितकं कमी सोडाल तितकं खात्यात राहतं. त्या जास्तीच्या यंत्रांचं मग सोनं होईल. पण दोन देशांचं तळं एक आहे. तुम्ही वाचवलं आणि शेजाऱ्याने ओढलं असं होऊ नये म्हणून प्राधिकरणाचा दरवर्षीचा कोटा पाळायलाच हवा. २०२२ सारखं नको.

रोखठोक

हे मान्य. "दहा वर्षांत चारदा" मागे घेत नाही.

भूगोलवेडी

मीराताई, एक अवांतर. त्या तलावात रात्री दिवे लावून मासे धरतात ना?

लुसाकेची_मीरा

हो, कापेंटा! टांगानिका तलावातून आणून साठच्या दशकाच्या शेवटी इथे सोडलेली बारीक मासळी. रात्री तराफ्यांवर दिवे लावतात, मासळी उजेडाला वर येते, खालून जाळं उचलतात. सियावोंगात वीज नव्हती त्या रात्री, तलावावर मात्र ओळीने दिवे. सासूबाईंनी मोजले, एकोणतीस भरले.

वाळवलेला कापेंटा बाजारात मापाने मिळतो. सुकटीसारखा कोरडा भाजून, कांदा-टोमॅटो आणि कोकम घालून करते मी. लुसितूचे टोमॅटो त्यातच संपले. कोकम सासूबाईंनी आणलेलं.

निवृत्त_उपअभियंता

दुरुस्ती: वर मी कोयनेसाठी "एका युनिटला हजार लिटरपेक्षा कमी" लिहिलं ते पोफळीकडच्या वीजगृहाचं. धरणाच्या पायथ्याच्या छोट्या वीजगृहाला ते लावू नका. तिथे उंची फार कमी, पाणी कैकपट लागतं, आणि ते पूर्वेकडे सिंचनाला सोडलेलं असतं, ६७.५ च्या कोट्यात धरत नाहीत.

आणि कापेंटा भाजताना कढई कोरडी ठेवता की थोडं तेल?